फक्त जोडप्यांसाठी

१

रोडपालीच्या आमच्या घरात दुपारची जेवणं झाली की सासूबाई टीव्हीसमोर आडव्या होतात आणि मी गॅलरीत भाजी निवडायला बसते. समोर इमारती, त्यांच्या मागे आणखी इमारती आणि मधल्या फटीत खाडीचा एक चमकणारा तुकडा. लग्नानंतरच्या त्या दिवसांत माझं सगळ्यात जास्त बोलणं त्या तुकड्याशीच व्हायचं. तोही फारसं बोलत नसे, त्यामुळे आमचं जमलं.

फोन आला तेव्हा मांडीवर गवार होती.

"काँग्रॅच्युलेशन्स मॅडम! हरेश सरांचं कूपन लागलंय. तीन दिवस, दोन रात्री, एकदम फ्री."

हरेश म्हणजे माझा नवरा. कंटेनर यार्डात सुपरवायझर. पेट्रोल पंपावर ठेवलेल्या पेटीत त्याने कधीतरी कूपन टाकलं होतं. आजवर त्याला काहीच लागलं नाही, मी सोडून, असं तो चारचौघांत सांगतो.

"मिसेसचं नाव दिपिका दिलंय सरांनी. आपणच बोलताय ना? नाव सांगाल?"

"सत्यवती," मी म्हणाले.

तोंडातून आधी जुनंच बाहेर पडायचं. सत्यवती हे माझ्या पणजीचं नाव, चिरनेरला माहेरी मला त्याच नावाने ओळखतात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, तसं हरेशने दिपिका लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरोपाच्या वेळी आई मात्र मांडवातच म्हणाली, "दिपिका-बिपिका मना ठाव नाय. त्या नावाची पोर माज्या घरान नाय." सगळे हसले. मीही हसले. नवरीने तेवढं करायचं असतं.

फोनवर की-बोर्डची टकटक झाली. "म्हणजे तिघं येणार का मॅडम?"

"तिघं कुठले? मी आणि हे."

"दिपिका मॅडम, सत्यवती मॅडम आणि सर."

"अहो, दोन्ही मीच."

टकटक थांबली. मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ऑफर फक्त जोडप्यांसाठी आहे मॅडम. बघा हं." अंधारात पायरी आहे, बघा हं, असं म्हणतात ना, तसं.

२

पळस्पे फाट्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हाला बोलावलं होतं. फुगे, गोल टेबलं, आणि कोणाला विचार करता येऊ नये इतक्या मोठ्याने लावलेली गाणी. प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि टाय घातलेला एक मुलगा. कोणी सही केली की घंटा वाजायची, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि एक जोडपं पुढची पंचवीस वर्षं दर वर्षी एक आठवडा मजा करायला बांधलं जायचं.

आमच्या टेबलावर अदीब होता. पनवेलच्याच मोहल्ल्यातला, चेहऱ्याने सज्जन, टाय थोडा सैल. त्याने हरेशसाठी खुर्ची ओढली, माझ्यासाठी ओढली, आणि मग आणखी एक ओढली. चहा आला तोही तीन कप.

"तुम्ही घ्या ना," मी म्हटलं.

"मी चहा घेत नाही भाभी."

"मग हा कोणाचा?"

त्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टीममध्ये तीन दाखवतंय." त्याने कप उचलून बाजूला ठेवला. खुर्ची तशीच राहू दिली.

मग बराच वेळ फोटो बघणं झालं. गोवा, महाबळेश्वर, निळ्या पाण्यात पाय सोडून बसलेली एक गोरी बाई. आपण वर्षातला एक आठवडा कायमचा विकत घ्यायचा, असं अदीब समजावून सांगत होता. हरेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठवडा सातबाऱ्यावर चढतो काय?"

"म्हणजे?"

"आमी सरकारला जमिनी दिल्या, तेव्हा निदान दाखवायला जमीन तरी होती. तू मला मंगळवार-बुधवार विकतोस!"

अदीब खरं हसला. टायवाल्यांचं हसणं कसं असतं ते मी तोवर पाहिलं होतं, हे वेगळं होतं. "बरोबर आहे हरेशभाई. नका घेऊ. पण बसलात शेवटपर्यंत, तर सुट्टी तुमची."

"फुकट?"

"फुकट. फक्त कंडिशन्स आहेत."

त्याने डोळे मिटले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तशा अटी म्हणून दाखवल्या. शनिवार-रविवार नाही. सणाला नाही. मे महिना नाही, दिवाळी नाही, नाताळ नाही. गोवा, महाबळेश्वर मेंबर लोकांना. कूपनवाल्यांना कंपनीची इथलीच प्रॉपर्टी, फाट्यावरून गोवा रस्त्याला लागलं की जवळच.

"जवळच म्हणजे?" हरेश म्हणाला. "अरे, माझा यार्ड याच्यापेक्षा लांब हाय! मी रोज सुट्टीवरच जातो म्हण की."

"नवरा-बायको दोघं हवेत," अदीब डोळे न उघडता पुढे म्हणाला. "एकत्र चेक-इन, एकत्र चेक-आउट. जायच्या दिवशी सकाळी एक मीटिंग, तिला हजर राहायचं. नॉन-ट्रान्सफरेबल, ज्याच्या नावावर त्यानेच राहायचं. आत जितकी नावं तितकी माणसं. बाहेर फक्त जोडपं."

"लिफ्टसारखं," हरेश म्हणाला. "जास्त झाले की ती बोंबलते."

अदीबने डोळे उघडले. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. शेजारच्या टेबलावर घंटा वाजली, सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

३

सगळे नको असलेले दिवस वजा केल्यावर उरला आखाड.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नव्या नवरीने सासूच्या नजरेसमोर राहायचं नाही, माहेरी जायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. मी त्या महिन्याकडे डोळे लावून बसले होते हे कबूल करायला हरकत नाही. माझे बेत फार मोठे नव्हते. जमिनीवर पसरून झोपायचं, भात-कालवण खायचं, आणि न्हाऊन आल्यावर ओला टॉवेल दारावर टाकायचा. ही माझी लहानपणापासूनची सवय. रोडपालीला पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "दारावर ओला नको गो टाकू, दोरी हाय ना?" तशा त्या वाईट नाहीत. पण तेव्हापासून दोरीकडे गेले की मला कोणाच्या तरी घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं.

केसही तसेच. माहेरी कमरेखाली शेपटा होता. लग्नानंतर महिन्याभरात हरेशने हौसेने पनवेलच्या पार्लरमध्ये नेलं आणि मी खांद्यापर्यंतचे केस घेऊन परतले. छान दिसतात, सगळे म्हणाले. पार्लरवालीने कापलेला शेपटा सुपलीत भरून नेला तेव्हा मी आरशाकडे न बघता सुपलीकडे बघत होते.

तर आखाड. हरेशने सोपा तोडगा काढला. त्याच्या आईला सांगितलं, हिला चिरनेरला सोडतो आणि तसाच कंपनीच्या कामाला नाशिकला जातो. माझ्या आईला सांगितलं, सत्याला गुरुवारी आणतो, आधी जमत नाही. खोटं दोन्हीकडे थोडं थोडं, मधले दोन मुक्काम आमचे.

"कोनाला कळतंय?" तो म्हणाला.

बाइकवर त्याच्या मागे बसले तेव्हा मांडीवर बॅग होती आणि मनात एक हलकी, चोरटी गंमत. सासरी मी माहेरी होते. माहेरी मी सासरी होते. कोणाच्या चुलीवर माझा भात नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी कुठेच नव्हते, आणि मला ते फार आवडलं.

४

गोवा रस्ता सोडून आत वळलो की शेतं लागली, पण पेरलेली नव्हती. भराव घालून सपाट केलेली जमीन, त्यावर पावसाचं पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात उलटी दिसणारी एक लांबट पिवळी इमारत. अर्धी पूर्ण, अर्धी नुसते खांब. खांबांमधून बगळे चालत होते. पाऊस पडत नव्हता आणि थांबलाही नव्हता. हवेतच तरंगत होता.

रिसेप्शनवर एक तरुण मुलगी, छातीवरच्या पट्टीवर नाव फरहा. ती आमच्याकडे पाहून गोड हसली.

"वेलकम सर. वेलकम दिपिका मॅडम. मॅडम वरच आहेत."

"कोण मॅडम?" हरेशने विचारलं.

तिने क्षणभर विचार केला. "रूम तयार आहे सर. दार उघडंच आहे."

"ह्यांना सगळ्या बायका मॅडमच," जिना चढताना हरेश कुजबुजला. "झाडूवाली गेली असेल वर."

मीही तसंच ठरवलं. माणूस ठरवतो.

खोली छान होती. पांढऱ्या चादरी, मोठी खिडकी, बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या. कुठेतरी पंपाची घरघर चालू होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. हरेशने आल्या आल्या पलंगावर उडी घेतली. मी बॅग ठेवायला वळले आणि पाहिलं, बाथरूमच्या दारावर टॉवेल टाकलेला होता.

हॉटेलचाच पांढरा टॉवेल. हात लावला तर ओला, आणि पाणी अजून कोमट.

झाडूवाली, मी स्वतःला सांगितलं. हॉटेलच्या खोलीत आंघोळ करणारी झाडूवाली. असतात. मी टॉवेल काढून आतल्या दांडीवर नीट वाळत घातला.

मग खिडकी उघडली. गजाच्या मुळाशी, फटीत, केसांची एक लहानशी गुंडाळी खोचलेली होती. विंचरताना गळलेले केस बोटाभोवती गुंडाळून बायका अशाच ठेवतात. मी ती ओढली. केस सुटत गेले, सुटतच गेले. एक टोक माझ्या चिमटीत होतं आणि दुसरं माझ्या गुडघ्याला लागत होतं.

"काय बघतेस?" हरेशने विचारलं.

"काही नाही. तळं छान आहे."

तळं नव्हतं, साचलेलं पाणी होतं. पण छान होतं.

५

जेवून आल्यावर मला अशी झोप लागली की जणू कोणी अंगावर पाण्याचं पांघरूण ओढलं.

जाग आली तेव्हा खोलीत फिकट हिरवा उजेड होता, पडदे ओढलेले. शेजारी हरेश नव्हता. तो बाल्कनीत होता; त्याचं हसणं ऐकू येत होतं. घरात हसतो तसं नव्हे. यार्डातल्या मित्रांबरोबर हसतो तसं, मोकळं.

"मग? मग पणजीनं काय केलं?"

कोणीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. आवाज खालच्या पट्टीतला, सावकाश, मध्ये मध्ये स्वतःलाच हसणारा. टेपवर आपलाच आवाज ऐकला की परका वाटतो ना, तसा तो परका वाटला.

मी उठून बसले नाही. नुसती मान वळवली. दोन पडद्यांच्या मधून बाल्कनीची एक पट्टी दिसत होती. हरेशची पावलं कठड्यावर. दुसऱ्या खुर्चीची वेताची पाठ. आणि त्या पाठीवरून खाली, जवळजवळ फरशीपर्यंत, एक ओला शेपटा, टोकाला दोनदा गुंडाळलेला काळा रबर. त्यातून थेंब पडत होते. प्रत्येक थेंबाचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

मी डोळे मिटले. स्वप्नातून जागं व्हायचं असेल तर आधी झोपावं लागतं, असा काहीतरी हिशोब मी तेव्हा केला असावा.

पुन्हा उघडले तेव्हा हरेश पलंगाच्या कडेला चहाचा कप घेऊन बसला होता.

"तू भारी हायस," तो म्हणाला. "दोन महिने झाले लग्नाला, एवढं बोललीच नव्हतीस कधी. ती मिठागराची गोष्ट, पणजी भरतीत अडकते ती... परत सांग ना रात्री."

ती गोष्ट मी हरेशला कधी सांगितली नव्हती. सांगायची होती. रोज, भाजी निवडताना, मनात जुळवायचे: आज जेवणं झाली की सांगू. मग तो दमून यायचा, आणि राहायचं.

"अहो," मी म्हणाले, "तुम्ही कोणाशी बोलत होतात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करतेय का, असं. मग त्याची नजर माझ्या केसांवर गेली आणि तिथेच जरा अडखळली.

"उठ, चहा घे," तो म्हणाला. आवाजातला मोकळेपणा थोडा कमी झाला होता.

दारावर टॉवेल पुन्हा होता.

६

मधला दिवस मला सलग आठवत नाही. पाण्यातून बघितल्यासारखे तुकडे आहेत. खांबांमधून हरेश चालतोय आणि त्याच्या पलीकडे कोणीतरी चालतंय, प्रत्येक खांबाला दोघं लपतात आणि पुढे एकटाच निघतो. जेवणाच्या टेबलावर तीन ताटं, आणि वाढपी तिन्ही वाढून जातो. मी बोलायला तोंड उघडते आणि हरेश हसतो, मी अजून काही बोललेले नसताना.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो सुखात होता. त्याची बायको शेवटी त्याच्याशी बोलत होती. मला फक्त भीती वाटत होती, अगदी साधी, बसमध्ये जागा जाईल अशी भीती. परत जाताना बाइकवर त्याच्या मागे एकच जागा होती.

जायच्या सकाळी मीटिंग झाली. खाली काचेच्या खोलीत अदीब बसला होता, तोच सैल टाय. खुर्च्या तीन. या वेळी तिसऱ्या खुर्चीखाली पाण्याचं लहानसं डबकं होतं.

त्याने पुन्हा फोटो दाखवले. आता अर्ध्या खांबांवर पुढच्या वर्षी काय उभं राहणार ते सांगितलं. हरेश "नाय" म्हणाला, पण हसून, आणि म्हणताना माझ्याकडे नाही, पलीकडे बघून. तू काय म्हणतेस, अशा नजरेने. मग तिथल्या मॅनेजरसाहेबांनी बांधकाम बघायला बोलावलं म्हणून तो उठून गेला.

अदीबने आवाज खाली आणला. "भाभी, हरेशभाई तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

"दिपिका."

"मग निघताना फक्त त्याच हाकेला ओ द्या. दुसरी हाक येईल. ओळखीच्या आवाजात येते. अगदी जवळच्या."

"आणि दिली ओ?"

त्याने टेबलावरचं पेन सरळ केलं. "सर जोडप्यानेच जातील भाभी. त्यात तुम्ही नसाल."

"नाही दिली तर?"

"तर तुम्ही दोघं जाल. खुदा हाफिज."

"हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्या सैल टायमध्ये तो एकदम फार दमलेला दिसला. "ट्रेनिंगमध्ये फक्त स्माइल शिकवतात."

"मग तिचं काय होतं? ती कुठे जाते?"

"कोण भाभी?" त्याने अदबीने विचारलं. आणि विचारता विचारता आपली खुर्ची मागे सरकवली, पलीकडून उठणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी.

७

पोर्चमध्ये मी बॅग घेऊन उभी होते. हरेश बाइक आणायला गेला होता. फरहाने "थँक यू मॅडम" म्हटलं आणि किल्ली खुंटीला लावली. पंपाची घरघर थांबली होती. इतकी शांतता की साचलेल्या पाण्यावर बगळ्याने पाय टाकलेला ऐकू येत होता.

"सत्या."

वरून आली हाक. जिन्याच्या तोंडातून. माझ्या आईचा आवाज.

"सत्या! अगो, भात उतू जातोय, कुठं हायस?"

मला लाकडांचा वास आला. भाताच्या पेजेचा आला. आमच्या चुलीशेजारी बसायचा पाट आहे, त्याचा एक पाय आखूड. तो डुगडुगल्याचा आवाजही आला. माझं सगळं अंग वळलं. मान, खांदे, पाय. ओ गळ्यापर्यंत येऊन उभी होती, ती थांबवायला मी पदराचा बोळा तोंडात धरला. वीस वर्षं त्या हाकेला मी ओ दिली होती. झोपेत दिली होती, तापात दिली होती. विहिरीवरून, शाळेच्या रस्त्यावरून, भावंडांच्या भांडणातून दिली होती.

"सत्या गो!"

समोर बाइक येऊन थांबली. हरेशने हेल्मेट वर केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे जिन्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कितीतरी वेळ पाहिलं. त्याच्या ओठांवर दोन नावं होती असं मला अजूनही वाटतं.

"दिपिका," तो म्हणाला. "चल."

"हो," मी म्हणाले. "आले."

त्याच क्षणी वर कोणीतरी, माझ्या आवाजात, माझ्यापेक्षा कितीतरी आनंदाने ओरडलं, "आले गो आय!" आणि अनवाणी पावलं धावत गेली. आमच्या दिशेने नाही. इमारतीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे नुसते खांब होते.

मी मागे बसले. हरेशला घट्ट धरलं. मी जिंकले होते.

रस्त्याला लागल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "झालीस परत गप्प."

८

चिरनेरच्या वेशीवर त्याने मला उतरवलं. जावई घरापर्यंत आला तर सासू जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि त्याला तर रात्रीच्या आत नाशिकहून घरी पोचायचं होतं. "महिन्याभरानं येतो न्यायला," तो म्हणाला आणि गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. कदाचित आरशात पाहिलं असेल.

दिवस कलला होता, दिवे लागायचे होते. गल्लीतून जाताना दोघी-तिघी ओळखीच्या बायका ओट्यावर होत्या. मी हसले. त्यांनीही हसून पाहिलं, परक्या गावची कोणी सून जाताना बघतात तसं.

आमच्या घराचं दार उघडं होतं. दारावर ओला टॉवेल टाकलेला होता.

आतून आईचं बोलणं येत होतं. "तुजा नवरा वेशीवरनंच पलाला काय गो? लाजतो का मना?" त्यावर कोणीतरी हसलं, सावकाश, खालच्या पट्टीत. चुलीच्या उजेडात, आतल्या चौकटीच्या कडेला, कोणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं. पाटावर. पाट डुगडुगत होता. पाठीवरून शेपटा खाली आला होता आणि जमिनीवर वळून पडला होता.

मी पायरीवर बॅग ठेवली. आई बाहेर आली. हात पदराला पुसत, डोळ्यांवर तळवा धरून तिने मला न्याहाळलं. मी थांबले. तिला उजेड पुरत नसेल, असं म्हणून थांबले.

"कोन गो तू?" तिने मायेने विचारलं. परक्यांशीही ती मायेनेच बोलते. "कोन पायजे?"

मी उजेडात सरकले. तिने माझ्या हातातला हिरवा चुडा पाहिला, नवं मंगळसूत्र पाहिलं, खांद्यापर्यंतचे केस पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला.

"सत्या, बग गो! तुज्या सासरची कोनतरी आलीय. पानी आन."

तिने चटई अंथरली. मी बसले. सासरी आखाड होता. तिथे महिनाभर मला जायला दार नव्हतं. आता इथे मी चटईवर होते, जिथे पाहुण्यांना बसवतात. कुठेच नसण्याची गंमत मी नुकतीच घेतली होती.

पाणी आलं. काचेचा ग्लास, खाली बशी, आम्ही बाहेरच्यांना देतो तसं. चौकटीच्या आडून फक्त हात बाहेर आला. मनगटावर भाताच्या वाफेने भाजल्याचा जुना डाग होता, पानाच्या आकाराचा, लहानपणी मला पडला होता तसाच. माझ्या मनगटावर बांगड्या होत्या. त्या वर सारल्या असत्या तर खाली काय आहे, काय नाही, ते कळलं असतं. मी सारल्या नाहीत. ग्लास घेतला. आमची बोटं एकमेकांना लागली. तिची ओली होती आणि कोमट.

"नाव काय गो तुजं?" आईने विचारलं.

आतला पाट डुगडुगायचा थांबला. कोणीतरी ऐकत होतं.

मी पाणी पिऊन ग्लास बशीत ठेवला.

"दिपिका."

"छान हाय नाव," आई म्हणाली. "आमच्या घरान या नावाची कोन नाय."